वयनींची अठरा मिनिटं

माझी भाची सायली गेल्या महिन्यात घरी आली ती मोबाइल पुढे करूनच. दोन वर्षांची व्यवस्थापनाची पदवी एका वर्षात देणारं कुठलंसं कॉलेज होतं. "मावशी, तूही असलंच काहीतरी केलं होतंस ना? मग सांग, करू की नको?"

मी तिला तीन प्रश्न विचारले. दोन वर्षांचं एका वर्षात बसवताना ते लोक गाळणार काय? तुला खरंच पुढे जायचंय, की मागचं काही टाळायचंय? आणि शिकून आल्यावर तू ज्या खुर्चीवर बसणार, तिथे आज कोण बसलंय?

सायली म्हणाली, "कसलं भारी विचारतेस गं! इतकी वर्षं नोकरी केल्यावरच असं सुचत असेल."

मला ते सुचलेलं नाही. तिन्ही प्रश्न गुलाबवयनींचे. सायलीला मी हे सांगितलं नाही. वयनींचं घेऊन आपलं म्हणून खपवायची माझी ही पहिली वेळ नव्हे, आणि पहिल्या वेळी जे केलं त्याची लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात होते. बी. कॉम. झालेली, इंग्रजी पत्रं बरी लिहिणारी, आणि या दोन गोष्टींमुळे स्वतःला फार समजणारी. ऑफिसच्या खिडकीतून कारखान्याचं फाटक दिसे, आणि फाटकाशी वडाच्या सावलीत एका बुटक्या लाकडी स्टुलावर बसलेल्या गुलाबवयनी दिसत. वय पन्नाशीच्या आसपास, काळासावळा रंग, काटक बांधा, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, अंबाड्यात अबोलीचा वळेसर आणि कानाच्या मागे खडूचा तुकडा. शाळा चौथीपर्यंत. सगळा कारखाना त्यांना वयनी, म्हणजे वहिनी, म्हणायचा, अगदी आमचे शेठसुद्धा, जे त्यांच्यापेक्षा वयाने चांगले मोठे होते.

वयनींचं काम ऐकायला साधं होतं. आंब्याचा टेम्पो आला की खोके उतरवण्याआधी आंबा बघायचा. "इचारल्याशिवाय उतरवू नये," हे त्यांचं ब्रीद. ड्रायव्हरने फळी खाली सोडायला हात घातला की स्टुलावरूनच आवाज यायचा, "थांब रे. आधी बोलू, मंग उतरवू." आणि मग चौकशी सुरू. आंबा कुठल्या बागेतला? काढला कधी, सकाळी की उन्हं चढल्यावर? झाडावरून उतरवलेला आंबा टेम्पोत भरेपर्यंत कुठे ठेवला होता, सावलीत गवतावर की कातळावर?

या शेवटच्या प्रश्नात सगळी गोम होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हापूसला एक खोड आहे. वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा आत कोयीपाशी पांढरा, आंबट, कापसासारखा निघतो. त्याला आम्ही साका म्हणतो. साका बाहेरून कुणाला दिसत नाही. पण वयनींचं म्हणणं असं, की उन्हाने तापलेल्या कातळावर आंबा टेकवून ठेवला की साका हमखास वाढतो. त्या खोक्यातला एक आंबा उचलून गालाला लावत, डोळे मिटत. मग बुडाशी आणि देठाशी नखाने खरवडून बघत. कातळाची लाल माती तिथे चिकाला धरलेली असे.

एकदा पावसकडच्या एका ड्रायव्हरने छातीवर हात ठेवून सांगितलं, "वयनी, आईशप्पत, गवतावर व्हता, दाट सावलीत." वयनींनी आंबा गालाला लावला, देठ खरवडला आणि लाल झालेलं नख त्याच्या नाकासमोर धरलं. "आयशीची शप्पत कशाला घालतोस मेल्या? तिनं काय केलंन तुजं? ह्या आंब्याला ताप आलाय." तो ओशाळून हसला. वयनीही हसल्या. खोटं पकडलं म्हणून त्या कुणाचा माल परत पाठवत नसत, हे महत्त्वाचं. त्या फक्त खोक्यावर खडूने फुली मारत. चांगल्या मालावर गोल. गोलवाला आंबा आढीत, म्हणजे पेंढ्याच्या थरात, पिकला की सरळ यंत्रात जाई. फुलीवाला वेगळ्या आढीत, आणि पिकल्यावर बायका तो एकेक चिरून, आत बघून, साका काढून टाकून मगच पुढे देत. चिरायचं काम वेळखाऊ, म्हणून फुली जपून मारायची. मारताना वयनी पुटपुटत, "बायांचे हात दुखतील गो," आणि तरी मारत.

स्वतः मात्र त्या आंबा खात नसत. अख्ख्या सीझनमध्ये एक फोड नाही. पेज, सुकं आणि बशीतला चहा. कुणी आग्रह केला तर म्हणत, "दिवसभर ज्याची नाडी बघायची, त्यालाच रातीला खायचा? मी काय वैद्य हाय की वाघ?"

आता माझं. घरात माझ्या लग्नाच्या खटपटी चालल्या होत्या. मला पुण्याला जाऊन व्यवस्थापन शिकायचं होतं. आमचे अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले, हिशेबी पण दुष्ट नव्हेत. बरंच रडूनभांडून झाल्यावर ते म्हणाले, "एक वर्ष देतो. दोन मागू नकोस, दोन वर्षं कुणी थांबत नाही." नेमकी त्याच सुमारास पुण्यातल्या एका संस्थेची जाहिरात पाहिली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम अकरा महिन्यांत. मला वाटलं, देवानेच धाडली. एकच अडचण होती. प्रवेशासाठी कामगारांवर देखरेख केल्याचा अनुभव हवा होता आणि वरिष्ठाचं तसं पत्र. मी तर आयुष्यात टाइपरायटरच्या पलीकडे कशावरही देखरेख केली नव्हती.

एका दुपारी माहितीपत्रक घेऊन मी वडाखाली गेले. मनात होतं, मी देखरेख केली असं वयनींनी नुसतं म्हणावं, शेठ पत्रावर डोळे मिटून सही करतील. वयनींनी मला सगळं वाचून दाखवायला लावलं. फीच्या, वसतिगृहाच्या ओळींसकट.

"दोन वर्साचं अकरा म्हयन्यात," त्या म्हणाल्या. "मंग गाळनार काय?"

"गाळणार कशाला? भराभर शिकवणार."

"भराभर कोन पन शिकवील. कायतरी गाळल्याबिगार टोपली हलकी व्हत नाय. जे गाळतील ते तुला लागनारं हाय की नाय, येवडं बग."

आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क तिथेच तपकीर ओढत उभे होते. ते म्हणाले, "वयनी, ही म्हणजे पावडर मारून पिकवलेली पदवी!" आणि आपल्याच विनोदावर हसले. मला वाटलं, वयनीही आता आंब्याचाच दाखला देऊन मला घरी बसवणार. पण त्या त्यांच्यावरच उखडल्या. "मानूस म्हंजे आंबा हाय काय? कोन झटकन शिकतं, कोन जलमभर नाय शिकत. तुमी तपकीर ओढा." मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "खरं सांग गो बाय. तुला फुडं जायाचंय, का लगीन फुडं ढकलायचंय?"

मी म्हटलं, "दोन्ही."

त्यावर त्या इतक्या मोकळ्या हसल्या की टेम्पोवाले वळून बघायला लागले. "मंग जा. पन शिकून आल्यावर बसनार कुटं? त्या जाग्यावर आत्ता कोन बसलाय, त्ये बगून ठेव."

मला तो प्रश्न अडाणी वाटला. मी मनात मोठमोठ्या कंपन्या, काचेच्या केबिनी बघत होते. तिथे कोण बसलंय याच्याशी मला काय करायचं होतं?

पत्राचं विचारल्यावर मात्र वयनींनी मान हलवली. "खोटं नाय सांगायची. पन सीझन तोंडावर आलाय. माज्या हाताखाली उभी ऱ्हा. खरं काम कर, मंग खरं पत्र घे."

तो सीझन मी वडाखाली काढला. शेठना त्यांनीच पटवलं. पहिल्या आठवड्यात मी गालाला लावलेले सगळे आंबे मला सारखेच वाटले. संगमेश्वराकडच्या एका टेम्पोवर मी ऐटीत गोल काढला, आणि वयनींनी माझा हात धरून त्याच खोक्याच्या तळातला आंबा माझ्या गालाला टेकवला. वरचा थर गार होता, तळचा तापलेला. "वरचं लोकांस्नी दाखवायचं असतं," त्या म्हणाल्या. चारचौघांत मला त्या कधी चुकलीस म्हणाल्या नाहीत. चूक झाली की आधी चहा मागवत, मग बशीत फुंकर घालता घालता सांगत. सीझन संपेपर्यंत मला दहांतले सहा तरी ओळखता यायला लागले होते. त्या म्हणायच्या, आठ.

पत्र मी लिहिलं, शेठनी सही केली, पण वयनींनी हट्टाने आपलीही सही खाली केली. प्रत्येक अक्षर वेगळं उभं, 'गुलाब दत्ताराम'. सही करताना जिभेचं टोक बाहेर आलं होतं.

पुण्यात अकरा महिने कसे गेले कळलं नाही. खूप शिकवलं, तेही चांगलं शिकवलं, उगीच नावं ठेवणार नाही. गाळलं ते एवढंच, की मूळ अभ्यासक्रमातली सहा महिन्यांची कारखान्यातली उमेदवारी काढून तिच्या जागी दोन आठवड्यांचा प्रकल्प ठेवला होता. एखाद्या कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं आणि वाया जाणारा वेळ शोधून काढायचा. प्रकल्पाला कारखाना हवा होता. मी रत्नागिरीला आले, हातात नवंकोरं स्टॉपवॉच घेऊन.

वयनींना काय आनंद झाला! स्टूल सोडून उठल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. "काय बगायचंय तुला?" मी म्हटलं, "तुमचं काम बघायचंय वयनी, नेहमीसारखं करा." पण नेहमीसारखं त्या कशा करतील? शिकायला गेलेली पोर परत शिकायला आली, असं त्यांना वाटलं. एरवी त्या एक टेम्पो सहा-सात मिनिटांत हातावेगळा करत. मी उभी आहे म्हणून त्यांनी एकेक खोका उघडून दाखवला. "ह्यो बग, देठाकडं बोट लाव." "ह्या डायवराला आता तू इचार." ड्रायव्हर कुरकुरला की त्याला दटावत, "थांब जरा, आमची बाय शिकतेय." आणि मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी राहून, हं हं म्हणत, हातातलं घड्याळ चालू ठेवत होते.

सरासरी आली अठरा मिनिटं.

हे आकडे मला शिकवण्याच्या वेळासकट आलेत, हे मला कळलं नव्हतं असं मी आजपर्यंत दोन-तीनदा स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे. घरी टेबलाशी बसून अहवाल लिहिताना, अठरा हा आकडा कागदावर उमटत असताना मला पक्कं माहीत होतं. वडाखाली मी अख्खा सीझन काढला होता. सहा-सात मिनिटं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. पण सहा-सात मिनिटांत वाया जाणारं काय दाखवणार? अठरा मिनिटांचा अहवाल दिसायला फार सुंदर झाला. फाटकावरची तोंडी चौकशी बंद करावी, माल वजन करून थेट आढीत घ्यावा, एकूण वेळ निम्म्याहून कमी होईल, असं मी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं. वयनींचं नाव कुठेच नव्हतं. फक्त 'आवक तपासनीस' होतं.

पुण्यात त्या प्रकल्पाला वर्गातले सगळ्यात जास्त गुण मिळाले. शेठनी प्रत मागवली. त्यांचा मुलगा नुकताच धंद्यात पडला होता, त्याला तर ती एवढी आवडली की मी पदविका घेऊन येताच त्यांनी मला आवक विभागाची प्रमुख म्हणून नेमलं. अण्णांनी पेढे वाटले. लग्नाचं बोलणं आपोआप वर्षभर मागे पडलं. मला दोन्ही मिळालं.

पुढच्या सीझनच्या तोंडावर कामावर रुजू झाले त्या सकाळी फाटकाशी वडाखाली हातांची नवी खुर्ची आणि टेबल मांडलेलं होतं. वयनींची बदली डब्यांना लेबलं चिकटवायच्या शेडमध्ये झाली होती. त्या आपलं स्टूल न्यायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "ह्यो नेऊ का गो? माज्या उंचीचा हाय." मी म्हटलं, "न्या ना." त्यांनी कानामागचा खडू काढला, माझ्या तळहातावर ठेवला, माझी बोटं त्यावर मिटली आणि स्टूल कडेवर घेऊन गेल्या. त्या जागेवर आत्ता कोण बसलंय, हे त्यांनी मला विचारलं नाही. मला वाटत होतं, विचारावं. शिव्या द्याव्यात. त्या वळूनही न बघता लेबलांच्या शेडमध्ये शिरल्या.

त्या सीझनला खडू लागलाच नाही. टेम्पो येत, वजन होई, खोके आत जात. दिवसाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त टेम्पो रिकामे व्हायचे. शेठचा मुलगा पाहुण्यांना आणून माझी खुर्ची दाखवी. मला साका ओळखता येत नव्हता असं नाही. दहांतले सहा येतच होते. पण उठून खोक्याला हात लावणं म्हणजे माझाच अहवाल खोटा ठरवणं, म्हणून मी खुर्चीवर बसून राहिले. एकदा एका ड्रायव्हरने फळी सोडण्याआधी सवयीने विचारलं, "काय इचारायचं नाय का?" मी वर न बघता म्हटलं, "उतरव."

पावसाळ्यात मुंबईच्या व्यापाऱ्याकडून डबे परत आले. रसात साक्याचे पांढरे कण आणि चव आंबट. एक लॉट, मग दुसरा. माझी झोप उडाली होती. आता चौकशी होईल, अहवाल बाहेर निघेल, कुणीतरी विचारेल, सहाची अठरा झाली कशी? पण कुणी काही विचारलं नाही. हेडक्लार्क म्हणाले, यंदा उष्माच फार, आंबाच खराब होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि पुढच्या वर्षी काय ठरलं? सगळाच आंबा चिरून बघायचा. गोल नाही, फुली नाही, एकूणएक आंबा. चिरायच्या बायकांना दोन पाळ्या कराव्या लागल्या. वयनी फुली मारताना ज्यांच्या हातांची काळजी करायच्या, त्याच या बायका. त्या चिरून चिरून थकायच्या आणि येता-जाता माझ्याशी गोड बोलायच्या, कारण मी प्रमुख होते.

डबे परत आले त्या वर्षात मी लेबलांच्या शेडमध्ये दोनदा गेले. सगळं सांगायचं असं ठरवून गेले होते. पहिल्यांदा तिथे इतर बायका होत्या. दुसऱ्यांदा वयनी एकट्याच होत्या. एकेक डबा मांडीवर घेऊन, लेबल सरळ बसलंय की नाही ते लांब धरून बघत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये गो. च्या सांगू?" चूक झाली की त्या आधी चहा सांगत, हे आठवलं आणि मी म्हटलं, "नको वयनी, घाईत आहे." आणि निघून आले. त्या वर्षानंतर वयनी कामावर आल्या नाहीत. नवऱ्याचा पाय दुखावलाय, असं कुणीतरी सांगितलं. मी खरं-खोटं करून घेतलं नाही.

पुढे दोनेक वर्षांनी मला मुंबईत एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी त्या प्रकल्पाबद्दलच जास्त विचारलं. मी उत्तरंही चांगली दिली. काचेची केबिन खरोखरच मिळणार होती. सामान घेऊन मी रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर आले, अण्णा तिकिटांच्या खिडकीशी उभे होते, आणि समोरच्या बाकावर राजापूरच्या गाडीची वाट बघत गुलाबवयनी बसलेल्या. अबोलीचा वळेसर तसाच. शेजारी एक म्हातारी होती, नात्यातली असावी.

मला लपायचं होतं. खरंच सांगते, मी खांबाआड जायला पाऊल उचललं होतं. पण त्यांनी हाक मारली, "गो बाय!" आणि शेजारणीला कोपराने ढोसून माझ्याकडे बोट दाखवलं. "ही बग आमची बाय. माज्या हाताखाली शिकली. आता लय मोटी सायेब झालीय."

"कुटं निगालीस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. नोकरी, कंपनी, केबिन, सगळं. सांगताना माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. ऐकून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "म्हंजे कामाला आलं की नाय त्ये शिक्शान? मी शेठला तवाच सांगितलं व्हतं, पोरीला जाऊ द्या." मला वाटलं, आता. आता अठरा मिनिटांचं बोलून टाकावं, या बाकापाशी, अण्णा तिकीट घेऊन यायच्या आत. "वयनी," मी म्हटलं, आणि हातातली बॅग खाली ठेवली.

वयनी उठल्या. माझ्या अगदी जवळ येऊन त्यांनी तळहात माझ्या गालाला लावला आणि डोळे मिटले, वडाखाली मिटत तसे. क्षणभरच. मग डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिल्या.

"गाल तापलाय तुजा," त्या म्हणाल्या. "कुटं व्हतीस गो? उनात उभी व्हतीस?"

स्टँडवर सगळीकडे छपराची सावली होती. मी म्हटलं, "हो वयनी, उन्हातच होते."

असलं उत्तर त्यांनी कुठल्या ड्रायव्हरचं कधी चालवून घेतलं नव्हतं. माझं चालवून घेतलं. गालावरचा हात काढून, पदराने माझं कपाळ टिपून त्या म्हणाल्या, "मंग पानी पी आनि सावलीत बस," आणि गाडी लागली म्हणून पिशवी उचलून चालू लागल्या.